फोटोत केस होते

माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं बोलण्यात गेलं. उरलेलं निम्मं नवऱ्याला बोलू न देण्यात गेलं, असं आमच्या घरच्यांचं मत आहे. पण ते मत त्यांनी कधी मोठ्याने मांडलेलं नसल्यामुळे मी ते अधिकृत धरत नाही.

मी दुभाषी होते. मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी, तोंडी, जागच्या जागी. न्यू जर्सीतली हॉस्पिटलं, कोर्टं आणि इमिग्रेशनची ऑफिसं हे माझं कार्यक्षेत्र. मागच्या हिवाळ्यात गुडघे आणि कान या दोघांनी मिळून मला निवृत्त केलं. ते कळताच दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या आमच्या समीरचा फोन आला. "काकू, तुमचे एक्सपीरियन्सेस लिहा ना. पण प्लीज, लाइट लिहा हं. लोक फराळ करता करता वाचतात." म्हणून हा लेख फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याजोगा लिहिते आहे. वर चिवडा सांडला तरी चालेल.

"मराठी माणसाला अमेरिकेत दुभाषी कशाला लागतो? सगळे तर आयटीतले," असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. पण आयटीतल्या मुलाला आई असते. ती इथे आल्यावर तिच्या पोटात दुखतं. आधी नुसतं गुरगुरत होतं, मग चमक मारली आणि आता कळ लागून राहिली आहे, असं ती मुलाला सविस्तर सांगते. मुलगा डॉक्टरकडे वळून म्हणतो, "शी हॅज पेन." तेवढ्यासाठी मला बोलावत.

या धंद्याचे नियम सोपे आहेत आणि पाळायला महाकठीण. खोलीत जे बोललं जाईल ते सगळंच्या सगळं सांगायचं. शिवी दिली तर शिवी सांगायची. एका गृहस्थांनी कोर्टात न्यायाधीशबाईंच्या अकलेविषयी पुटपुटत एक मत व्यक्त केलं होतं, ते मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर ते गृहस्थ माझ्यासमोर पुटपुटलेसुद्धा नाहीत. दुसरं म्हणजे माणूस 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतात की' चालत नाही. त्यामुळे मी एकाच आठवड्यात गरोदर राहिले, प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घेतलं आणि एका ट्रकला मागून गाडी ठोकली.

आणि सगळ्यात अवघड नियम असा, की जे बोललं गेलेलं नाही ते सांगायचं नाही. समोरच्याच्या मनात काय आहे हे दिवसासारखं लख्ख दिसत असलं तरी नाही. एकदा हॉस्पिटलात एक नवी नवरी तीनदा "सगळं ठीक आहे" म्हणाली, जमिनीकडे बघत. मी तीनदा "एव्हरीथिंग इज फाइन" म्हटलं. माझं भाषांतर अगदी बिनचूक होतं, आणि ती मुलगी मला अजून आठवते. डॉक्टरीणबाई हुशार निघाल्या, त्यांनी नंतर तिला एकटीला बसवून घेतलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आमच्या कामात पुढचं कधी कळतच नाही, ही या कामातली खरी चुटपूट.

सगळ्यात मजा यायची ती लग्नाच्या मुलाखतींना. ही काय भानगड असते ते आधी सांगते. अमेरिकन नागरिकाने परदेशातल्या माणसाशी लग्न केलं की सरकारला शंका येते, की हे लग्न माणसाशी झालंय का ग्रीन कार्डाशी. म्हणून लग्न नवं असेल तर आधी दोन वर्षांचं कच्चं कार्ड मिळतं. त्याची मुदत संपत आली की नवरा-बायकोने मिळून पक्कं कार्ड मागायचं. मग अधिकाऱ्याच्या मनात आलं तर दोघांना बोलावणं येतं. दोघांना शपथ देतात, वेगवेगळं बसवतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. सकाळी आधी कोण उठतं? टूथब्रश कुठे ठेवता? काल रात्री काय जेवलात? पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं? उत्तरं जुळली की लग्न खरं. माझ्या लग्नाला चाळीसेक वर्षं होत आली आणि आमची उत्तरं अजून जुळलेली नाहीत, हे मी तिथे कधी बोलले नाही.

नागपूरचा एक मुलगा होता, बायको इथेच एडिसनला जन्मलेली. मुलाला इंग्रजी उत्तम येत होतं, पण घाबरून त्याने मला मागवलं होतं. दहावीच्या परीक्षेला बसावं तशी तयारी करून आला होता, बायकोच्या शाळेतल्या बाईंच्या नावापर्यंत. अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या बायकोला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?" मुलगा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, हे सिलॅबसमध्ये नव्हतं यार." नियम म्हणजे नियम, मी तेही सांगितलं. बायकोला हाच प्रश्न वेगळं बसवून विचारला होता. तिने काय उत्तर दिलं ते तिने मला नंतर पार्किंगमध्ये सांगितलं. "ही प्रिपेअर्स फॉर एव्हरीथिंग. इट ड्राइव्ह्ज मी क्रेझी!" त्यांचं कार्ड झालं.

पुरावा म्हणून फोटोही लागतात, आणि आपल्या लग्नाच्या फोटोंनी भल्याभल्या अधिकाऱ्यांचं डोकं फिरवलं आहे. फोटोत दोनशे माणसं असतात आणि नवरा-नवरी सोडून सगळे हसत असतात. "यात नवरा कुठे आहे?" "अंतरपाटाच्या पलीकडे." अंतरपाट म्हणजे काय हे नवरी सांगायची आणि ते इंग्रजीत पोचवेपर्यंत माझा घसा सुकायचा. लग्न लागताना नवरा-नवरीच्या मध्ये मुद्दाम पडदा धरतात, हे ऐकून एका अधिकाऱ्याने ते दोनदा विचारून घेतलं होतं.

या ऑफिसांत वाट बघण्यात दिवसच्या दिवस जातात. तिथेच माझी मारिकोशी मैत्री झाली. मारिको जपानी दुभाषी, जन्म कॅलिफोर्नियातला, माझ्याहून थोडी मोठी. ती वाट बघताना विणायची आणि मी तिचा लोकरीचा गुंडा धरून बसायचे. लग्नाच्या मुलाखतीचा विषय निघाला की ती म्हणायची, "माझी आजी या सगळ्याची पणजी आहे."

मारिकोची आजी फोटोवरून लग्न झालेली नवरी होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या शेतांवर राबणारे जपानी पुरुष एकटे होते आणि मायदेशी जाऊन लग्न करून येणं त्यांना झेपणारं नव्हतं. मग मध्यस्थांमार्फत इकडून मुलाचा फोटो जायचा आणि तिकडून मुलीचा यायचा. दोन्ही घरं हो म्हणाली की तिकडे कुटुंबाच्या नोंदीत मुलीचं नाव चढायचं आणि लग्न झालं! नवरा हजर असायची गरज नव्हती. नवरी मग बोटीत बसायची आणि आठवडे काढून सॅन फ्रान्सिस्कोला उतरायची. धक्क्यावर पुरुष फोटो हातात धरून उभे असत आणि बायका फोटो हातात धरून उतरत. फोटोतले सूट उसने आणलेले असत आणि मागचं घर मालकाचं असे. फोटो कधीचा आहे हे तर कुणी विचारायचंच नाही.

मारिकोची आजी उतरली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या हातातल्या फोटोत कपाळावर केसांची झुलपं आलेला तरणाबांड मुलगा होता. समोर जो गृहस्थ आला त्याचा चेहरा उन्हाने रापलेला आणि कानांवरचे केस पिकायला लागलेले. आजीने वाकून नमस्कार केला आणि अदबीने विचारलं, "आपण स्वतः कशाला त्रास घेतलात? मुलगा आला नाही का?"

ही गोष्ट मारिकोने मला कितीदा सांगितली असेल, आणि दर वेळी आम्ही दोघी एवढ्या हसायचो की सुरक्षारक्षक बघायचा. एकदा मी तिला विचारलं, "बंदरावर चौकशीला दुभाषी असेल ना? त्याने आजीचा तो प्रश्न साहेबाला सांगितला असेल का?" मारिको विणता विणता म्हणाली, "सांगितला असेल तर दुभाषी चांगला होता."

काही मुली म्हणे त्या धक्क्यावरच रडल्या, काही परत गेल्या. आजी राहिली. तिने स्ट्रॉबेरीची शेती केली, पाच मुलं वाढवली आणि नवऱ्याशी जन्मभर कडाकडा भांडली. तो गेल्यावर घरातल्या देव्हाऱ्यात ठेवायला मुलांनी तोच झुलपंवाला फोटो काढून आणला, चांगला दिसतो म्हणून. आजीने तो बाजूला केला आणि म्हातारपणचा, दात पडलेला फोटो ठेवला. म्हणाली, "त्या मुलाला मी ओळखत नाही."

हे एवढं मी सांगितलं ते दिनकरराव आणि सुमनताईंसाठी. नावं बदलली आहेत. लिहू का म्हणून दोघांना विचारलं होतं, तेव्हा "अवश्य लिहा" असं दोघांनी एकाच वेळी म्हटलं. त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं तेवढंच.

दिनकरराव एडिसनचे, निवृत्त इंजिनिअर. पत्नी वारल्यावर काही वर्षं एकट्याने काढली. मुलगी नेहा टेक्ससमध्ये प्लेनोला असते, इथेच वाढलेली. बापाचं एकट्याचं जेवणखाण बघून तिने एक दिवस जाहीर केलं, "बाबा, यू कान्ट लिव्ह ऑन टोस्ट." तिने साताऱ्याच्या मावशीला कामाला लावलं आणि मावशीने सुमनताईंचं नाव काढलं. सुमनताई कराडकडच्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. फोटोंची देवाणघेवाण झाली. सुमनताईंचा फोटो शाळेच्या निरोप समारंभातला, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर 'आता उरका' असा भाव. दिनकररावांचा फोटो नेहाने निवडला, तिच्या ॲन आर्बरच्या पदवीदान समारंभातला. फिक्या राखाडी रंगाचा सूट आणि डोक्यावर दाट काळे केस. नेहाची पदवी होऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती आणि मधल्या काळात केसांनीही निरोप घेतला होता.

कराडला लग्न झालं, सुमनताई इथे आल्या, कच्च्या कार्डाची दोन वर्षं संपत आली आणि दोघांना बोलावणं आलं. पक्कं कार्ड नाकारलं तर सुमनताईंना परत जावं लागणार होतं. साठीला टेकल्यावर लग्न केलं म्हणून त्यांच्या भावकीने तोंड फिरवलं होतं. कराडची जागा त्यांनी सोडली होती. आणि इकडे दिनकरराव पुन्हा टोस्टवर आले असते.

हे मला त्या सकाळी बाकावर बसल्या बसल्या कळलं, कारण सुमनताई कुणालाही उद्देशून न बोलता बोलत होत्या. "परत पाठवलं तर मी गावात कुठल्या तोंडानं उतरू?" दिनकरराव पिशवीतून थर्मास काढत होते. त्यांनी झाकणात चहा ओतून सुमनताईंच्या हातात दिला. सुमनताईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "आज आलं फार ठेचलंत." दुभाष्याने कामाआधी पक्षकारांशी गप्पा मारायच्या नसतात, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले. पण कान काही खिडकीबाहेर नेता येत नाहीत.

आधी दिनकररावांना आत बोलावलं. त्यांना इंग्रजी येत असल्यामुळे मी बाहेरच राहिले. बऱ्याच वेळाने ते टक्कल पुसत बाहेर आले आणि सुमनताईंना म्हणाले, "एकदम स्मूथ! तू फक्त विचारलं तेवढं सांग." मग आम्ही दोघी आत गेलो.

अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, शांत आणि चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या. सुमनताईंनी हात वर करून शपथ घेतली.

"घरात सकाळचा चहा कोण करतं?" बाईंनी विचारलं.

सुमनताई खुर्चीत ताठ झाल्या. "मी. घरातली बाई आहे ना मी."

माझ्या डोळ्यांसमोर तो थर्मास आला. पण मी सांगितलं, "आय डू. आय ॲम द वूमन ऑफ द हाउस."

"भांडी?"

"मीच."

"तुमचे पती स्वयंपाकात मदत करतात?"

"छे! ते स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत."

बाईंचं पेन जरा थबकलं. दिनकररावांनी वेगळं काही सांगितलं असणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"झोपताना पलंगावर कुठली बाजू तुमची?"

"मी देवाच्या खोलीत झोपते. हे घोरतात."

"वेगळ्या खोलीत?"

"तुम्ही ते घोरणं ऐकलेलं नाही," सुमनताई म्हणाल्या, आणि तेही मी जसंच्या तसं पोचवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फाइलीतून फोटोंचा गठ्ठा काढला. कराडचं लग्न, एडिसनचा गणपती, प्लेनोला नेहाकडे, कुठल्याशा धबधब्यापुढे. सगळ्या फोटोंत दोघं हातभर अंतर ठेवून सरळ उभे होते.

"यातल्या एकाही फोटोत तुम्ही एकमेकांकडे बघत नाही आहात."

सुमनताईंनी मला विचारावं तसं विचारलं, "फोटोत फोटोवाल्याकडे बघायचं असतं ना?"

मग बाईंनी दिनकररावांनाही आत बोलावून घेतलं आणि दोघांना शेजारी बसवलं. पुढ्यातला कागद बघत त्या सावकाश बोलल्या. "तुम्ही म्हणालात, सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी रोज तुम्ही करता. तुमच्या पत्नी म्हणतात, तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तुम्ही म्हणालात, त्या पलंगावर खिडकीच्या बाजूला झोपतात. त्या म्हणतात, त्या वेगळ्या खोलीत झोपतात. तुम्ही दोघांनी शपथ घेतली आहे. एका घरात राहणाऱ्या माणसांची उत्तरं अशी येत नाहीत. मला याचं कारण हवं आहे."

दिनकरराव पुन्हा टक्कल पुसायला लागले. मी सुमनताईंसाठी मराठी करून सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा भांडी घासतो हे चारचौघांत सांगणं म्हणजे सुमनताईंच्या लेखी नवऱ्याला उघडं पाडणं. आणि बायको वेगळ्या खोलीत झोपते हे परक्या बाईला सांगणं दिनकररावांच्या जिवावर आलं होतं. ज्याने त्याने आपापल्या परीने घराची मूठ झाकली होती आणि नेमकी वेगवेगळी बोटं मिटली होती. हे अधिकाऱ्यांना समजावून द्यायला मला दोन वाक्यं पुरली असती. पण ती कुणी बोललं नव्हतं, म्हणून मला ती बोलता येत नव्हती. इतक्या वर्षांत तो नियम मला एवढा कधी टोचला नव्हता. जीभ दातांखाली धरून मी बसले, आणि सांगते, मला खरोखर भीती वाटत होती.

तेवढ्यात सुमनताई नवऱ्याकडे वळल्या. वर्ग गप्प करणारा आवाज होता तो.

"अहो, भांडी घासता म्हणून सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. शपथ घेतली होती मी."

"शपथ मीही घेतली होती. म्हणून काय नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगायची? काय म्हणतील या बाई, नवऱ्याला राबवते म्हणून!"

"अगं, इथे सगळेच हेल्प करतात."

"मग घोरण्याचं का लपवलंत? तेव्हा कुठे गेली तुमची शपथ?"

"ते प्रायव्हेट आहे."

"प्रायव्हेट! भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जातं ते प्रायव्हेट?"

दुसऱ्या एखादीने इथे मान खाली घालून भांडण संपायची वाट बघितली असती. मला मारिको आठवली, आणि तिच्या आजीचा तो धक्क्यावरचा दुभाषी. खोलीत बोललं जाईल ते सगळं. मी सुरू झाले. नवराही मीच आणि बायकोही मीच, माझंच माझ्याशी इंग्रजीत कडाक्याचं भांडण जुंपलं. श्वास घ्यायला उसंत नव्हती. बाई एकदा त्यांच्याकडे बघत होत्या आणि एकदा माझ्याकडे.

मग दिनकरराव एकदम हळू आवाजात बोलले. "तू वेगळी झोपतेस म्हणून सांगितलं असतं, तर यांना वाटलं असतं, हिला हा माणूस आवडत नाही."

मीही ते हळूच सांगितलं. अशा वाक्याचं भाषांतर मोठ्याने करता येत नाही.

सुमनताई राग पूर्ण जाऊ न देता म्हणाल्या, "आवडत नसता तर मुंबईच्या विमानतळावरूनच परत फिरले असते मी. फोटोत केस होते! सहा महिने व्हिडिओ कॉल केलात आणि सहा महिने मला तुमच्या घराचा पंखा दाखवलात. उतरलात ते टोपी घालून. टोपी काढलीत तेव्हा मी काही बोलले? कराडपर्यंत गाडीत शेजारी बसले ना? मी काय तुमच्या डोक्याशी लग्न केलं?"

"देअर वॉज हेअर इन द फोटोग्राफ," मी सांगितलं, आणि पंखा, टोपी, डोकं, काही सोडलं नाही. अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की त्या हसताहेत.

डोळे पुसून त्यांनी सुमनताईंना विचारलं, "मग मला तसं का सांगितलंत?"

"तुम्ही बाहेरच्या," सुमनताई सरळ म्हणाल्या. "बाहेरच्यांपुढे घरातलं झाकायचं असतं. तुमच्यात झाकत नाहीत का?"

माझ्या जिभेवर इतका वेळ अडून बसलेलं वाक्य अखेर त्यांच्याच तोंडून आलं होतं. इतक्या आनंदाने मी उभ्या आयुष्यात कशाचंही भाषांतर केलेलं नाही.

"झाकतात," बाई म्हणाल्या. मग चेहरा पुन्हा सरकारी करून त्यांनी बजावलं, की शपथ घेतल्यावर खोटं बोलणं ही गंभीर गोष्ट आहे, पुन्हा कधी असं करू नका. सुमनताईंनी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावली. "आता नीट सांगा. चहा कोण करतं?"

"हे. पण आलं फार ठेचतात."

"भांडी कोण घासतं?"

सुमनताईंनी सुस्कारा सोडला. "हे."

बाईंनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि दिनकररावांना विचारलं, "घोरता?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. तेही लिहिलं. मग फाइल मिटून त्या म्हणाल्या, "कार्ड मंजूर व्हावं असं मी लिहिते आहे. काही आठवड्यांत टपालाने येईल." मी मराठीत सांगायच्या आधीच दिनकररावांनी डोळ्यांना रुमाल लावला, म्हणून सुमनताईंना ते वाईट काहीतरी आहे असं वाटलं आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी त्यांना नीट, सावकाश सांगितलं.

बाहेर आल्यावर सुमनताई कॉरिडॉरमध्ये थांबल्या. काम संपलं होतं, आता बोलायला हरकत नव्हती.

"ताई, तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"भांड्यांचंसुद्धा?"

"भांड्यांचंसुद्धा."

"आणि त्यांनी लिहून घेतलं?"

"माझ्यादेखत."

सुमनताई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? सरकारदरबारी नोंद झाली आहे. आता सुटका नाही."

"रोजच तर घासतो गं," दिनकरराव म्हणाले. रुमाल अजून हातात होता आणि ट्यूबलाइटखाली टक्कल चकाकत होतं.

सुमनताईंनी त्यांच्याकडे मान वर करून सरळ बघितलं आणि त्या हसल्या, आणि तेही त्यांच्याकडे बघून हसले. मध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. फोटो काढावा म्हणून मी पर्समध्ये हात घातला, पण माझा फोन बंद करून तळाशी ठेवलेला होता. तो सापडेपर्यंत दोघं पुन्हा सरळ उभे राहून, ताठ मानेने, माझ्या फोनकडे बघायला लागले होते.